कबरवाले सर

अंबडात त्यांचं खरं नाव सांगून घर विचारलं तर समोरचा डोकं खाजवत उभा राहायचा. ‘कबरवाले सर’ म्हटलं की मात्र पानटपरीवालासुद्धा चुन्याचं बोट तसंच धरून गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडायचा. नवख्याला वाटायचं, हे गृहस्थ कबरी बांधत असतील नाहीतर खणत तरी असतील. सर यातलं काहीच करत नव्हते. ते आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात एका कवितेचं मराठी करायचे. एकाच कवितेचं. मी भूगोलाचा मास्तर म्हणून रुजू झालो आणि मला त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली, तेव्हा ते काम सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. ते संपलं तेव्हा माझे केस पांढरे झाले होते आणि सरांना निवृत्त होऊनही बरीच वर्षं लोटली होती.

कविता आयर्लंडची. तिथं इंग्रजी चालते एवढं मला माहीत होतं. त्या देशाला इंग्रजीच्या आधीची स्वतःची भाषा आहे, आणि ती आता थोड्याच घरांत बोलली जाते, हे सरांनी सांगितलं. त्या देशातले एक शास्त्रज्ञ जालन्याला कपाशीच्या बियाण्याचं काम बघायला आले होते. त्यांना दुभाषा हवा होता. सर दिवाळीची सगळी सुट्टी त्यांच्याबरोबर जीपमधून शेतं फिरले. जाताना पाहुण्यानं त्यांच्या हातावर एक जुना कागद ठेवला. पाहुण्याच्या आजोबांनी स्वतःच्या भाषेत लिहिलेली कविता. आजोबा मजूर होते. परक्या मोठ्या शहरात खणायच्या कामाला गेले होते, आणि एका रविवारी तिथं पुरलेल्या एका क्रांतिकारक विचारवंताच्या कबरीवर जाऊन आले होते. ही कविता कुठं छापलेली नाही. पाहुणा म्हणाला होता, “माझ्या मुलांना ही भाषा येत नाही. माझ्यामागं हा कागद रद्दीत जाईल. तुमच्या भाषेत तरी राहू द्या. झाली की मला वाचून दाखवा.”

सरांनी शब्द दिला. तोही खिशात पेन नसताना, जालन्याच्या स्टँडवर उभ्या उभ्या.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? पाहुण्याकडून इंग्रजी अर्थ लिहून घेईल आणि आठवड्यात मोकळा होईल. सर इंग्रजीचेच मास्तर, त्यांना काय अवघड होतं? मी तसं एकदा बोललो. सरांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं.

“ओ भूगोल,” ते म्हणाले. मला ते कधी नावानं हाक मारत नसत. “माझे वडील निजामाच्या शाळेत शिकले. हिसाब उर्दूत, कविता उर्दूत, छडी खाल्ली तीबी उर्दूत. घरी येऊन मायजवळ मराठीत रडायचे. या मजुराच्या भाषेला इंग्रजीनं असंच घराबाहेर बसवलं. आन् मी तिला भेटायला जाऊ ते इंग्रजीच्या दारातून? बिलकुल न्हाई.”

मग ते ती भाषा शिकले. पोस्टानं शब्दकोश मागवला, पुढं इंटरनेट आल्यावर तिथली माणसं बोलतात ती ऐकली. त्या भाषेत घशातून काढायचा एक ख आहे, एक ग आहे. ते दोन्ही त्यांच्या वडलांच्या उर्दूत होते. सर ओसरीवर बसून ते ख आणि ग घोटायचे तेव्हा गल्लीतली माणसं वहिनींना विचारायची, सरांना खोकला झालाय का?

त्या भाषेत हो आणि नाही याला शब्दच नाहीत. गेलास का विचारलं तर गेलो म्हणायचं, नाहीतर गेलो नाही म्हणायचं. सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी मराठीतही हो म्हणणं सोडून दिलं. “सर, चहा घेणार?” “घेईन.” “सर, तास आहे का?” “आहे.” वहिनी कधी कधी वैतागायच्या.

“अहो, सरळ हो म्हणायला काय जातंय तुमचं?”

“जात न्हाई.”

“मग म्हणा की.”

“म्हणत न्हाई.”

तो विचारवंत कोण, हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मी फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, “नाव घेतलं की लोक बाजू घेतात. निम्मे टाळ्या वाजवतात, निम्मे उठून जातात. कविता कोणीच ऐकत न्हाई.” आमच्या स्टाफरूममधल्या चर्चा आठवल्या तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

भाषा आली, पण सरांची दुसरीच अडचण सुरू झाली. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना अग्नी दिलेला. राख नदीला. भेटायला जावं अशी घरातल्या कुणाची जागाच नाही. कबरीसमोर माणूस उभा राहतो तो कसा, हात कुठं ठेवतो, किती वेळ थांबतो, हे माहीत नसताना कविता लिहायची कशी? म्हणून सर कबरी बघत फिरायला लागले. कब्रस्तानं, लिंगायतांच्या समाध्या, जालन्यातली गोऱ्या सायबांची जुनी थडगी, काही सोडलं नाही. नवीन गावात एसटीतून उतरलं की त्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा. कुणी दर्शनाला आलं असेल तर लांब उभे राहायचे आणि त्या माणसाच्या पायांकडं बघायचे. मी पुष्कळदा त्यांच्याबरोबर गेलो आहे. मला आधी त्याची मजा वाटायची. मग हळूहळू वाटेनाशी झाली, कारण एवढा वेळ, एवढं लक्ष देऊन मी आयुष्यात कशाकडं पाहिलं नव्हतं.

भोकरदनकडच्या एका खेड्यात तर आमच्यावर बाका प्रसंग आला. शिवारात एक जुनी कबर होती. सर फाटकापासून कबरीपर्यंत पावलं मोजत होते, कारण कवितेतला मजूरही मोजतो. दोन अनोळखी माणसं, एक पावलं मोजतोय, दुसऱ्याच्या हातात वही. दहा मिनिटांत पंधरा जण जमा झाले. गुप्तधन काढायला आलेत, एवढा एकच अर्थ आमच्या भागात त्याचा होतो. एकानं माझी कॉलर धरली. सर शांतपणे म्हणाले, “गैरसमज करून घेऊ नका, मी कवितेसाठी आलोय. ऐकवतो,” आणि त्यांनी डोळे मिटून त्या भाषेतली कविता मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. ते घशातले ख आणि ग ऐकून जमाव दोन पावलं मागं सरला.

“मंतर म्हणून राह्यला रे!” कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात सरांचा एक जुना विद्यार्थी मोटारसायकलवरून आला म्हणून आम्ही वाचलो. “अरे, हे इंग्रजीचे सर हायेत आमचे! सोडा, सोडा!” मग चहा झाला, पोहे झाले. एसटीत बसल्यावर मी चुरगळलेली कॉलर सारखी करत होतो. सर मात्र दोन्हीकडची अंतरं सारखीच धरून हिशेब करत होते की मजुराची पावलं चाळीस आणि आपली पासष्ट, म्हणजे त्याच्या ढांगा लांब असणार. उंच माणूस होता, भूगोल, असं त्यांनी मला अगदी आनंदानं सांगितलं.

अशी तेरा-चौदा वर्षं गेली आणि एकदाची कविता झाली. सरांच्या निरोपसमारंभातच त्यांनी ती वाचली. सभागृह भरलं होतं. ‘हे युगपुरुषा’ अशी सुरुवात होती. पुढं चरण होते, नतमस्तक होणं होतं, ओंजळभर फुलं होती, चंद्रसूर्य होते. टाळ्या थांबेनात. प्राचार्यांनी उठून शाल घातली. मीसुद्धा जोरात टाळ्या वाजवल्या. मी त्यांना घरी सोडायला गेलो. ओसरीवर बसल्यावर त्यांनी वहिनींना विचारलं, “कशी वाटली?”

वहिनी हातातलं पाण्याचं भांडं ठेवत म्हणाल्या, “छान हाय. पण खरं सांगू का? कोणाचीबी जयंती असती तरी हेच चाललं असतं.”

मला वाटलं सर चिडतील. ते चिडले नाहीत. कविता होती ती कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्या ओळीला लागले. पाहुण्याचा फोन यायचा, तेव्हा सर सांगायचे, झाली नाही. ते खोटं नव्हतं, पण मला ते ऐकवत नसे.

त्यानंतर काही वर्षांनी सरांचे डोळे बिघडले. काचबिंदू. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर येणार नाही, आहे ती किती दिवस टिकेल सांगता येत नाही. सर भिंतीला खांदा घासत चालायला लागले. कागदावरची शाई आधीच फिकी. पाहुणाही आता ऐंशी ओलांडून गेलेला. मला राहवेना. मी एक दिवस मोबाइल घेऊन गेलो आणि म्हणालो, “सर, कागदाचा फोटो काढतो. हा फोन दोन सेकंदांत अर्थ सांगतो. तुम्ही अडलाय ती शेवटची ओळ तरी बघून घेऊ.”

“विचारा त्या फोनला,” सर म्हणाले, “तो कधी कोणाच्या मातीला गेल्ता का?”

मी फोन खिशात घातला. अर्थ त्यांना ठाऊकच होता, एकेक शब्द पाठ होता. अडत होतं ते निराळंच, आणि ते काय हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

त्या हिवाळ्यात ते म्हणाले, “मला अंकुशनगरला न्या. तो मजूर माणूस होता. मजुराला सुट्टी असते त्या दिवशी तो काय करतो, ते बघायचंय.” तिथला साखर कारखाना सफाईसाठी दोन दिवस बंद होता, त्यामुळं ऊसतोडही थांबली होती. मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून नेलं. तोडणीच्या टोळ्यांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, त्यांच्यापुढं बायका धुणं वाळत घालत होत्या, बाप्ये पडले होते. आम्ही उसाच्या एका तोडलेल्या फडाच्या बांधानं चाललो होतो. पुढं बाभळीखाली एक बाई जमिनीवर बसून कुणाशी तरी बोलत होती. समोर कुणी नव्हतं.

मी मागं फिरणार होतो. सरांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“आलो बरं का मामा,” बाई म्हणत होती. “समदे आलो. औंदा पाऊस बरा झाला. म्हस व्याली, रेडी झाली. आत्याबाईचा खोकला काय जात न्हाई, पण कालवण खाती पोटभर. तुमची काठी खुंटीलाच हाय, कोणाला हात लावू देत न्हाई ती. शाळंचं छप्पर अजून गळतंच. मेंबर नवा आलाय, पर छप्पर तेच हाय.” ती थोडी थांबली. “चला मंग. धुणं पडलंय.”

उठल्यावर तिनं आम्हाला पाहिलं. लाजली नाही, घाबरलीही नाही. गयाबाई तिचं नाव. मामा म्हणजे तिचे सासरे. तीन हंगामांपूर्वी याच फडात तोडीवर असताना ते गेले. गाव लांब, म्हणून मुकादमानं आणि शेतमालकानं मिळून याच बांधाच्या कोपऱ्यावर त्यांना अग्नी दिला. तेव्हापासून टोळी आली की गयाबाई इथं येऊन बसते.

“फुलं-बिलं न्हाई वाहत, बाई?” सरांनी विचारलं.

“फुलं देवाला,” ती म्हणाली. “मामा काय देव व्हते व्हय? बिडी वढायचे. त्यान्ला गावाकडचं ऐकायचं असतंय. इतक्या लांब एकटे पडलेत, तर कोण सांगंल त्यान्ला?”

सर तिथंच, उसाच्या पाचटावर बसले. मला वाटलं चक्कर आली. मी वाकलो, तर त्यांच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं.

“भूगोल,” ते म्हणाले, “त्याच्या कवितेत फुलं न्हाईतच. मीच घातली. त्यानं आईच्या गुडघ्याबद्दल दोन ओळी लिहिल्यात. गुडघा आता बरा आहे म्हणून सांगितलंय त्या कबरीला. त्या मी गाळल्या. म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसापुढं गुडघा कसा काढायचा? तो माणूस अभिवादनाला गेलाच न्हवता. गावाकडची खबर द्यायला गेल्ता.”

आणि मग मला एकदम सगळं दिसलं. थोर माणसाची कबर म्हटलं की आपला हात आपोआप हाराकडं जातो. लहानपणापासून जयंत्या आणि पुण्यतिथ्या ऐकत आलेले आम्ही. एका मजुरानं एका विचारवंताला घरचा माणूस समजून घरचं सांगितलं, हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. इतकी वर्षं सर ते वाचत होते आणि हार घालत होते. त्या बांधावर मला पहिल्यांदा कळलं की मी केवढ्या माणसाच्या शेजारी खुर्ची टाकून बसत आलो होतो. आयुष्यभराचं काम चुकलं हे एका अनोळखी बाईच्या एका वाक्यावरून मान्य करायचं, आणि वर त्याचा आनंद मानायचा! माझ्याच्यानं ते झालं नसतं.

कविता चार दिवसांत झाली. सरांना लिहिता येत नव्हतं, ते सांगायचे आणि मी लिहून घ्यायचो. पुस्तकी मराठीत नाही, त्यांच्या गावच्या बोलीत. सुरुवात अशी आहे:

आलो बघा मी. बूट मळकेच हायेत,
पाणी मारायला येळ न्हाई भेटला.
आमची भाषा तुम्हाला येत न्हाई, ठावं हाय मला,
पण हिच्यातच रडलो, हिच्यातच सांगतो.

मग आईचा गुडघा येतो. गळकं छप्पर येतं. बटाट्याचं पीक येतं. तुम्ही म्हणाला होता तसं अजून काही झालं नाही, पण आम्ही विसरलो नाही, असं येतं. आणि शेवटी, ज्या ओळीवर सर इतकी वर्षं अडले होते आणि जिथं त्यांनी चंद्रसूर्य आणून बसवले होते, तिथं एवढंच आहे:

जातो आता. उद्या सहाला भोंगा हाय.

टोळ्या परत जाण्याआधी सरांनी ती गयाबाईला ऐकवली. ती कोपीच्या दारात ज्वारी निवडत होती. सुपातला हात थांबला. शेवट ऐकून म्हणाली, “बराबर हाय. जास्त येळ बसून कसं चालंल? कामावर जायाचं असतंय.” प्राचार्यांच्या शालीनं सरांच्या चेहऱ्यावर जे आलं नव्हतं ते तेव्हा आलं.

पाहुण्याला फोन लावला त्या दिवशी ओसरीवर वहिनी होत्या, मी होतो. सरांना कागद दिसत नव्हता आणि लागतही नव्हता. पलीकडं म्हाताऱ्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. वाचून संपलं. सरांनी त्याच्या भाषेत विचारलं, ऐकू आलं का? पलीकडून एकच शब्द आला. सरांनी आम्हाला त्याचा अर्थ सांगितला.

“आलं.”

सर त्यानंतरच्या पावसाळ्यात गेले. झोपेत, काही त्रास न होता. घरच्या रीतीनं अग्नी दिला, राख गोदावरीला. म्हणजे इतक्या कबरींपुढं उभ्या राहिलेल्या माणसाची कबर कुठंच नाही. मी मातीला होतो, सावडायलाही होतो. पण नंतर फार चुकल्यासारखं व्हायला लागलं. काही घडलं की सरांना सांगावंसं वाटायचं आणि जायला जागा नव्हती.

कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यावर मी स्कूटर काढली. गयाबाई कोपीच्या मेढी रोवत होती. मला पाहून तिनं माझ्या मागं बघितलं.

“सर न्हाई आले?”

मी सांगितलं. तिनं हातावरची माती पदराला पुसली आणि बांधाकडं चालायला लागली. मीही मागं गेलो. बाभळीखाली ती बसली, डोक्यावरून पदर नीट घेतला.

“आलो बरं का मामा,” ती म्हणाली. “समदे बरे हायेत. घरचं सांगते मागून. आधी एक ऐका. ते कवितावाले सर आल्ते ना हितं, ते आता तिकडंच आलेत. त्यान्ला बराबर दिसत न्हाई. हात धरा त्यांचा.”